अहो, पोच घेतलीत का?

माझ्या बायकोचं शेवटचं बोलणं माझ्याबद्दल नव्हतं. देवाबद्दलही नव्हतं. ते एका रबरी शिक्क्याबद्दल होतं. दुपारची वेळ, दवाखान्याची खाट, नाकात नळी. मी सरकारी आरोग्य खात्याच्या कचेरीत तिचा अर्ज देऊन थेट तिथे आलो होतो. घाम पुसायच्या आत तिनं हात पुढे केला. "अहो, पोच घेतलीत का?" मी खिशातून घडी काढून दिली. अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर कचेरीचा शिक्का, आवक नंबर, कारकुनाची सही. तिनं चष्मा मागितला, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "तारीख पुसट आली आहे." मी म्हटलं, "अगं, दिसते की." तर म्हणते, "आज दिसते. महिन्यानं त्यांना दिसणार नाही." आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मऊ भाताचा डबा घेऊन फाटकाशी पोचलो तेवढ्यात फोन वाजला... डबा हातातच राहिला. कुमुद गेली.

याला आता चार महिने झाले. मी सातवी शिकलेला माणूस, सगळी नोकरी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या कारखान्यात पंप खोलण्यात आणि बसवण्यात गेली. लिहायची सवय हाताला नाही. पण भेटायला येणारी माणसं तिच्याबद्दल जे बोलतात ते मला ऐकवत नाही. म्हणे, शांत होत्या. सोशिक होत्या. कुणी सांगितलं यांना? ती शांत अजिबात नव्हती. फक्त आवाज चढवत नव्हती. सोशिक तर त्याहून नव्हती. तिला एखादी गोष्ट खटकली की ती चूल बंद करायची, टेबलावरचं मेणकापड पुसायची, कोरा कागद घ्यायची आणि त्याच्याखाली कार्बन घालायची. कार्बन बाजारात मिळेनासा झाला तरी आमच्या कपाटात मिळायचा.

ती मुळात कागदाच्याच घरातली. आजोबा, पणजोबा बडोद्याच्या दरबारी कचेरीत दप्तर सांभाळणारे. त्यांच्या घरात म्हणे लहान मुलांनाही आधी आवक-जावक शिकवत आणि मग पाढे. हे तिचंच बोलणं, खरं-खोटं मला ठाऊक नाही. ती एका शाळेत कारकून होती. त्या शाळेचा पाण्याचा पंप बिघडला म्हणून मला बोलावलं, तेव्हा आमची पहिली गाठ. पंप चालू करून मी पाने पिशवीत टाकले आणि निघालो, तर ऑफिसच्या खिडकीतून आवाज आला, "कारागीर, सही करून जा." बघतो तर एकच मजकूर दोन कागदांवर. मी म्हटलं, एक पुरे की. तर वर न बघता म्हणाली, "एक शाळेसाठी. दुसरी तुम्ही विसराल म्हणून." तो पंप पुढच्या महिन्यात परत गळायला लागला. आता सांगायला हरकत नाही, वायसर मी मुद्दाम सैल ठेवला होता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनंच विचारलं, "मुद्दाम केलंत ना?" मी मान खाली घालून हो म्हटलं. काय म्हणायचंय ते लेखी द्या म्हणाली. मी चलनाच्या पाठीमागे चार ओळी खरडल्या, माझ्या अक्षरात, कोंबडीनं पाय ओढल्यासारख्या. "आणि दुसरी प्रत?" म्हणाली. मी परत लिहिल्या. त्या दुसऱ्या प्रतीवर तिनं 'मिळाले' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि ती मला परत दिली. उत्तर तिनं आठ दिवसांनी दिलं, पण माझं काम त्याच दिवशी झालं होतं.

लग्नानंतर मला वाटलं, हे वेड शाळेतच राहील. कसलं राहतंय. रविवारी मी खंडेराव मार्केटात भाजीला जायचो, तर भाजीची यादीसुद्धा दोन प्रतींत. एक माझ्या खिशात, एक तिच्या डब्याखाली. मी आलो की ती पिशवी ओतायची, यादी लावून बघायची, "सुरण कुठाय?" मी म्हणायचो, नव्हतं मार्केटात. "मग 'नव्हतं' असं लिहा आणि सही करा." मी चिडायचो. म्हणायचो, बायको केली का मामलेदार? ती हसायची आणि पेन पुढे करायची. सगळे कागद एका निळ्या फायलीत, प्रत्येकावर नंबर. पुढे नोकरी संपली तरी लोक तिच्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायचे. पेन्शन अडकली, रस्त्यावरचा दिवा गेला, मीटर चुकलं. इथे कचेऱ्यांचं काम गुजरातीत चालतं, तर तिचं गुजराती असं सरस की टेबलावरची माणसं विचारायची, "बेन, तुम्ही मराठी?" लिहून दिलं की एकच गोष्ट बजावायची. कागद दिलात आणि पोच घेतली नाहीत तर तुम्ही कागद दिलाच नाहीत.

आम्हाला मूल नव्हतं. समोरच्या घरात शारदाबेनची सून आली, जिग्ना, वाघोडियाची मुलगी. ती दुपारी आमच्याकडे यायची. मावशी म्हणावं तसं मासी, मासी करत कुमुदच्या मागे. कुमुदनं तिला मेतकूट-भात खायला शिकवलं. पोटात बाळ राहिल्यावर तर तिला दुसरं काही नकोच असायचं. एकदा कुमुदनं तिला मेतकुटाची बरणी दिली आणि गमतीत कागद पुढे केला. त्या पोरीनंही हसत हसत गुजरातीत लिहिलं, 'मळ्युं', म्हणजे मिळालं, आणि खाली मोठी सही ठोकली. तो कागद फायलीत आहे.

या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत कावीळ आली. तरसालीतली जुनी बैठी घरं, सगळ्यांना पाणी एकाच जमिनीतल्या टाकीतून. चार-पाच घरांत माणसं पिवळी पडली आणि उठली. जिग्ना उठली नाही. सातवा महिना होता. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात ही कावीळ फार वाईट... ती गेली आणि बाळही गेलं. इथे माणूस गेलं की बेसणं असतं, पांढऱ्या कपड्यांत लोक येतात, थोडा वेळ बसतात, हात जोडून जातात. त्या बेसण्यात जिग्नाची आई रमीलाबेन वाघोडियाहून आली, तर शारदाबेननं सगळ्यांदेखत तिला सुनावलं. "माहेरी गेली तेव्हा लारीवरची पाणीपुरी खायला घातलीत ना? त्या पाण्यानं मारली माझ्या सुनेला." रमीलाबेन उठली, चपला न घालताच रस्त्यावर गेली. कुमुद त्या चपला घेऊन तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावली, गुडघे दुखत असताना.

परत आली ती तशीच टेबलाशी बसली. मला म्हणाली, "आरोग्य खात्याची माणसं येऊन पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली होती ना? टाकीत येणाऱ्या महापालिकेच्या नळाच्या आणि आपल्या टाकीच्या?" मी म्हटलं, हो. "मग त्याचा रिपोर्ट कुठेतरी लिहिलेला असणार. माहितीच्या अधिकारात मागू. पाणी कुठलं खराब ते कागदावर येऊ दे. त्या बाईनं आयुष्यभर पाणीपुरी डोक्यावर का वाहायची?"

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. सोसायटीची टाकी माझ्याकडे होती. पंपाचा माणूस म्हणून वर्षानुवर्षं मीच बघायचो. सहा महिन्यांनी उपसून घासायची, हा नियम माझाच. या वेळी मी दिवाळीची सफाई पुढे ढकलली, मग होळीची ढकलली. झाकणाला तडा गेला होता, त्यावर मी फरशीचा तुकडा ठेवला आणि म्हटलं, चालेल. शेजारूनच गटार जातं. ते एकदा तुंबून वर आलं होतं. मी पाणी पेल्यात घेऊन बघितलं, स्वच्छ दिसलं. विषय संपवला.

हे सगळं कुमुदला माहीत होतं. मी तिला म्हटलं, "अगं, कागद आला आणि त्यात आपली टाकी निघाली तर?" ती म्हणाली, "तर निघाली." मी म्हटलं, "लोक मला काय म्हणतील?" तिनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "आत्ता लोक त्या बाईला म्हणतायत. तिची तर टाकीही नाही." आणि पुढे लिहायला लागली. मी चाळीस वर्षं कुमुदबरोबर राहिलो, पण त्या दिवशी ती मला पहिल्यांदा जरा मोठी दिसली. म्हणजे उंचीनं नाही...

गुडघ्यामुळे तिला रिक्षातून उतरवत नव्हतं, म्हणून अर्ज घेऊन मी गेलो. कचेरी नेमकी कुठली ते लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. मोठा हॉल, पंखे गरगरणारे, आवक टेबलावर एक चाळिशीचे भाई. मी आयुष्यात कधी कचेरीत पाय टाकला की भिंतीकडेला उभा राहतो. शिकलेली माणसं, खुर्च्या, काचा. पण ते भाई उठून म्हणाले, "आवो काका, बेसो. चा पीशो ने?" मला कुणी कचेरीत खुर्ची दिली नव्हती कधी. मी बसलो, चहा घेतला. बाहेर त्यांचा पाण्याचा पंप खरखरत होता. मी म्हटलं, भाई, तुमचं बेअरिंग गेलंय. ते म्हणाले, खरं की काय? मग मी उठून बघितलंसुद्धा. दोघं चांगले बोललो. जाताना मी दोन्ही कागद त्यांच्या हातात ठेवले, रामराम केला आणि खूश होऊन घरी आलो.

दारातच विचारलं तिनं. "पोच घेतलीत का?" मी म्हटलं, "अगं, किती चांगला माणूस! चहा पाजला." ती म्हणाली, "मी चहाचं नाही विचारत." मी म्हटलं, त्या माणसाला पोच मागायची म्हणजे अपमानच त्याचा. तिनं कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकटीत टिंब दिलं. कायद्यात तीस दिवस आहेत. तीस झाले, आणखी पाच झाले. मग रिक्षा करून आम्ही दोघं गेलो. ते भाई रजेवर. दुसऱ्यानं वही उलटसुलट बघितली. अशा नावाचा अर्ज नोंदलेला नाही. कुठे गेला, फायलीत, कपाटामागे, देव जाणे. "पोच दाखवा, बेन," तो म्हणाला. अगदी सभ्यपणे म्हणाला.

ती घरी येऊन पाणी प्यायली आणि विचारलं, "मुद्दाम केलंत?" तोच प्रश्न, चाळीस वर्षांनी. पंपाच्या वेळी उत्तर सोपं होतं. मी नाही म्हटलं. तोंडानं म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला आजही कळत नाही. खुर्ची मिळाल्यानं विसरलो, हे खरंच आहे. पण विसरल्यावर आतून हलकं वाटलं होतं, हेही खरं आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." दोन दिवस ती माझ्याशी भाजी-भाकरीपुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेलं.

दुसरा अर्ज तिनं खाटेवर बसून लिहिला. नर्सबाई म्हणाल्या, "मासी, हे नंतर करा ने." कुमुद म्हणाली, "नंतरचं लेखी देता का?" नर्सबाई हसत निघून गेल्या. अक्षर जरा वाकलं होतं, पण दोन्ही प्रती सारख्या. माझ्या हातात देताना पुन्हा बजावलंही नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. मी गेलो, उभा राहिलो, चहा नको म्हटलं, दुसरी प्रत पुढे केली आणि "शिक्को मारी आपो" म्हटलं. पुढचं वर लिहिलं आहे.

तिच्या तेराव्यानंतर तीन दिवसांनी टपालानं पत्र आलं. पाकिटावर तिचं नाव. मागितलेल्या कागदांच्या नकला तयार आहेत, येऊन घेऊन जावं. मी ते पत्र दोन दिवस तिच्या उशीखाली ठेवलं होतं. मला कुणी विचारलं नसतं. ते पत्र कुणाला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी दाढी केली आणि गेलो. मला चहा पाजलेले तेच भाई होते. "काका, बेन कुठे? सही त्यांची लागेल." मी म्हटलं, बेन वारल्या. ते उठून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, अर्ज त्यांच्या नावानं, कागद मला तुम्हाला देता येत नाही, तुम्ही तुमच्या नावानं अर्ज करा, नकला तयारच आहेत, दोन-चार दिवसांत देतो. "लिहून देऊ का, काका?" ते म्हणाले. मी म्हटलं, नको.

बाकावर बसून मी लिहिलं. आयुष्यातला माझा पहिला अर्ज. गुजराती मला वाचता येतं, लिहायला जड जातं. तिच्या नावानं आलेल्या पत्रावरून शब्द जुळवत गेलो. तास लागला. मग तोच पूर्ण कागद परत, दुसरी प्रत. भाईंनी शिक्का मारला. मी चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला आणि परत येऊन म्हटलं, "भाई, तारीख पुसट आली आहे. परत मारा." त्यांनी शाईची गादी ओली केली आणि परत मारला. स्वच्छ आली.

चौथ्या दिवशी नकला मिळाल्या. दोन पानं. नळाचं पाणी, योग्य. सोसायटीची भूमिगत टाकी, पिण्यास अयोग्य. माझी टाकी. मी तिथेच बाकावर बसून ते दोनदा वाचलं, बोट ठेवून.

संध्याकाळी सोसायटीच्या लोकांना गोळा केलं आणि वाचून दाखवलं. झाकणाचं सांगितलं, दिवाळीचं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकजण म्हणाला, "काका, आम्ही तरी कुठे विचारलं?" शारदाबेन मागे उभी होती. तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ धरला, परत दिला आणि आत गेली. दार मात्र लावून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसनं वाघोडियाला गेलो. रमीलाबेन ओसरीवर गहू निवडत होती. मी कागद पुढे ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं चष्मा शोधून वाचलं. "लारीचं पाणी नव्हतं?" मी म्हटलं, नाही. "टाकी तुम्ही साफ नव्हती केली?" मी म्हटलं, नाही. ती पुन्हा गव्हात हात घालून बसली, पण निवडत नव्हती. मग विचारलं, "शारदाबेनला दाखवलं?" दाखवलं म्हटलं. "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही. दार उघडं ठेवलं." रमीलाबेन उठून आत गेली. मला वाटलं, आता जा म्हणणार. ती पाण्याचा पेला घेऊन आली. माझ्यापुढे धरला. तो पेला मी कसा प्यालो ते माझं मला माहीत...

निघताना मी त्याच कागदाची दुसरी प्रत काढली. लाज वाटत होती, पण काढली. म्हटलं, बेन, आमच्या घरात अशी रीत आहे. तिनं काही विचारलं नाही. खाली लिहिलं, 'मळ्युं', आणि सही केली. घरी येऊन मी निळी फाईल उघडली आणि तो कागद जिग्नाच्या मेतकुटाच्या कागदाच्या मागे लावला. दोघींचं अक्षर एकसारखं आहे. 'ळ' तसाच, खाली शेपूट ओढलेला.

आता टाकी मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपसतो. झाकण नवं लोखंडी बसवलं आहे. मी वर उभा राहून सांगतो, आत माणूस उतरतो, आणि शेवटी मी स्वतः वाकून बॅटरी मारून बघतो. मग टेबलावरचं मेणकापड पुसतो, कार्बन घालतो आणि लिहितो, टाकी साफ केली, तारीख, सही. एक प्रत सोसायटीच्या फळ्यावर लागते. दुसरी निळ्या फायलीत. तिच्या खाली मी 'मिळाले' असं लिहून पुढे रेघ ओढतो, सहीसाठी. ती रेघ कोरी राहते. तरी फाईल बंद करायच्या आधी मी कागद खिडकीशी नेऊन तारीख नीट उठली आहे का ते बघतो.